यंदाचा रिफंड जास्त आहे

या ग्रुपवर मी फक्त वाचत असतो. आज मात्र लिहावंसं वाटलं.

सकाळी समुद्रपूरहून बसनं वर्ध्याला गेलो होतो. माझी पत्नी शिक्षिका होती. नोव्हेंबरमध्ये ती गेली. तिचा शेवटचा आयकर रिटर्न वारस म्हणून मला भरायचा होता.

आमचे रिटर्न भरून देणारे प्रशांतभाऊ दरवर्षी आकडा सांगण्याआधी तिला अंदाज विचारायचे. तिचा अंदाज जवळपास बरोबर निघायचा आणि मग चहा त्यांच्याकडून. आज सवयीनं त्यांनी मला विचारलं, "बोला काका, किती परत येईल?"

मी मागच्या वर्षीचाच आकडा सांगितला.

"हरले न तुम्ही. यंदा दुपटीच्या वर येऊन राह्यला."

मला क्षणभर आनंद झाला. घरी गेल्यावर तिला सांगू, असंही मनात येऊन गेलं. मी विचारलं, "काऊन एवढा?"

स्क्रीनकडे बघतच ते म्हणाले, "पूर्ण वर्षाचा पगार धरून दर महिन्याले टॅक्स कापला होता न काका. पण पगार तर नोव्हेंबरपर्यंतच..."

म्हणजे राहिलेले महिने ती जगली नाही, त्याचे हे पैसे.

मी माझा खाते क्रमांक दिला आणि निघालो. ही रक्कम खर्च करायला माझा हात धजणार नाही. तशीच ठेवली, तर पासबुक उघडताना प्रत्येक वेळी दिसेल.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी असे पैसे आले असतील, तर तुम्ही त्यांचं काय केलंत?