लाल पट्टीच्या अलीकडे

खंडेनवमीला आमच्या सेंटरमध्ये ऑपरेशनच्या हत्यारांची पूजा असते. टेबलावर हिरवं कापड, त्यावर कात्र्या, चिमटे, वर झेंडूची फुलं. मी सकाळी एक सेट घासून, कोरडा करून ट्रेमध्ये घेऊन आले. मांडायला वाकले.

"तू नको," मॅडम म्हणाल्या. "ऋचा, तू मांड गं. अंघोळ करून आलीयेस ना?"

अंघोळ मीही केली होती. पहाटे पाचला, धायरीहून बस धरायची म्हणून. पण मला कुणी विचारलंच नव्हतं.

ऋचा ओशाळली. ट्रे मात्र घेतला. तिला एकाही हत्याराचं नाव माहीत नव्हतं. तिनं ती ताटाभोवती महिरप काढावी तशी मांडली. डॉक्टर सरांनी हळद-कुंकू वाहिलं. सिस्टर, रिसेप्शनवाली, सगळ्यांनी हात जोडले. मी दाराशी. माझ्या मागे लादी पुसणाऱ्या लक्ष्मीमावशी, हातात पोछा. नंतर मॅडमनी सगळ्यांना पेढा दिला. आम्हा दोघींच्या तळहातावर वरून टाकला.

मी म्हणाले, "थँक्यू मॅडम."

हे सांगताना आजही माझे कान तापतात.

आमचं सेंटर टिळक रोडच्या मागच्या गल्लीत. सकाळी पेशंट येतो, ऑपरेशन होतं, संध्याकाळी घरी जातो. हर्निया, गाठी, मूळव्याध. सर ऑपरेशन करतात. मॅडम त्यांच्या पत्नी. त्या डॉक्टर नाहीत, कारभार बघतात. मी टेक्निशियनचा कोर्स केलेली. माझी आई पेठेतल्या घरांतून संडास-बाथरूम धुवायची, मागच्या जिन्यानं जाऊन. मी पुढच्या दारानं जाणार, पांढऱ्या कोटात, असं तिनं वस्तीभर सांगितलं होतं.

सेंटरमध्ये कुणी माझी जात काढली नाही. पुण्यात जात काढत नाहीत. "मूळच्या कुठल्या तुम्ही?" विचारतात. मग "अच्छा" म्हणतात. त्या अच्छात सगळं येतं.

मी लागले तेव्हा तिथं नुसता गोंधळ होता. एकच सिंक, एकच ओटा. रक्ताचा ट्रे आणि धुतलेला ट्रे शेजारी शेजारी. एकाच बोळातून दोन्हींची ये-जा. सेट वेळेवर तयार नसायचा, पेशंट टेबलावर ताटकळायचा, सर ओरडायचे. मी आठवडाभर पाहिलं. कोण कुठून येतं, कुठं थांबतं, कुठं मागे फिरतं. मग कागदावर आखलं. मध्ये भिंत, भिंतीत खिडकी. अलीकडे मळकी बाजू: वापरलेलं इथं येणार, सांधे उघडून ब्रशनं घासलं जाणार. मग खिडकीतून पलीकडे, स्वच्छ बाजूला: वाळवणं, पॅक करणं, वाफेचं मशीन, कपाट, तिथून ऑपरेशनला. सगळं एकाच दिशेनं. धुतलेलं मागे येणार नाही, न धुतलेलं पुढे जाणार नाही. जमिनीवर लाल पट्टी. ती ओलांडायची तर कपडे बदलून, हात धुऊन. शेवटी लिहिलं होतं: दोन माणसं, दर आठवड्याला बाजू बदलतील.

सरांना आवडलं. भिंत झाली, खिडकी झाली. लाल पट्टी मी गुडघ्यावर बसून स्वतः चिकटवली. महिन्याभरात ऑपरेशनं वेळेवर सुरू झाली.

मग कागद मोठा छापून भिंतीवर लागला. त्यात माझी शेवटची ओळ नव्हती. मळक्या बाजूला माझं नाव. स्वच्छ बाजूला ऋचाचं. ऋचा मॅडमच्या मैत्रिणीची मुलगी. बी.ए. झालेली, कसलाच कोर्स नाही. मी मॅडमना विचारलं, बाजू बदलायचं राहिलं का?

"एकानं दोन्हीकडे नाचायचं नाही, हा तुझाच नियम ना?" त्या हसल्या. "आणि तुला त्या कामाची सवय आहे."

मला सवय कुठून असणार? सवय आईला होती. मी मान डोलावली. वर ऋचाला मशीन कसं लावायचं ते खिडकीतून मीच शिकवलं.

याहून वाईट एक गोष्ट केली मी. लक्ष्मीमावशी आमच्या वस्तीतल्या, आमच्यापासून दोन घरं सोडून. आई कामावर जायची तेव्हा मी त्यांच्याकडे जेवायचे. सेंटरमध्ये मात्र मी त्यांना ओळख दाखवत नव्हते. एकदा मी सकाळपासून पाणी प्यायले नाही म्हणून त्या बाटली घेऊन आल्या. पाऊल लाल पट्टीवर पडलं. मॅडम बोळात होत्या.

"मावशी, अक्कल आहे का? कुठं पाय टाकताय?" मी ओरडले.

त्या मागे सरकल्या. बाटली जमिनीवर ठेवली आणि गेल्या. मॅडम म्हणाल्या, "असंच पाहिजे." मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. लाज नंतर आली, बसमध्ये.

तर, खंडेनवमीचीच दुपार. परवावर ठरलेला हर्नियाचा पेशंट सरांनी त्याच दिवशी घ्यायचं ठरवलं. निवृत्त शिक्षक होते, साधेसे, सकाळपासून उपाशी. छोटे सेट दोनच. एक सकाळी वापरलेला, माझ्या सिंकमध्ये भिजत होता. दुसरा पूजेतला. तो ऋचानं स्वच्छ बाजूलाच ठेवला होता. मी काचेतून पाहिलं. ती गॉजनं हळद-कुंकू पुसत होती. मॅडम शेजारी उभ्या होत्या.

मी खिडकीवर टकटक केली. "तो सेट इकडे द्या. धुवायला लागेल."

"अगं, पूजेतला आहे तो," मॅडम म्हणाल्या. "घाण थोडीच झालाय? मशीनमधून निघाला की झालं."

"मॅडम, सांध्यात हळद बसलीय. तिच्याखाली वाफ पोचत नाही."

"तू तुझी बाजू बघ."

ऋचानं ट्रे मशीनकडे नेला.

ज्या हातावर सकाळी पेढा वरून टाकला, तोच हात ग्लोव्हजमध्ये होता. मला एकदम स्पष्ट दिसलं. मी धुतलेलं यांना कधीच पुरेसं शुद्ध वाटणार नाही. आणि यांनी माखलेलं मात्र न धुताच पोटात जाईल. माणसाच्या पोटात.

मी ग्लोव्हज काढले. एप्रन काढला. कोपरापर्यंत हात धुतले, कपडे बदलले, टोपी घातली आणि पलीकडच्या दारानं आत गेले. ऋचाच्या हातून ट्रे घेतला.

"बाहेर हो," मॅडम म्हणाल्या. "ऐकू येत नाही का? बाहेर हो आधी."

"हा सेट धुतल्याशिवाय मशीनमध्ये जाणार नाही."

आवाज ऐकून सर आले. मी एक चिमटा उघडला, भिंगाच्या दिव्याखाली धरला. सांध्यात पिवळी ओली रेघ होती. सरांनी पाहिलं. मॅडमकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

"धुऊन घ्या," म्हणाले. "पेशंटला सांगा, तासभर उशीर होईल."

मी धुतला. ऑपरेशन नीट झालं. गुरुजी संध्याकाळी घरी गेले. त्यांना उशिराचं कारण कुणी सांगितलं नाही.

जाताना सरांनी मला थांबवलं. "बरोबर होतीस तू. पण सगळ्यांसमोर बोलायची गरज नव्हती."

"सकाळी मला सगळ्यांसमोरच 'तू नको' म्हणाल्या, सर. तुम्ही होता तिथं."

ते मोबाइल बघू लागले.

त्या संध्याकाळी मी लक्ष्मीमावशींच्या दारात गेले. "मावशी, त्या दिवशी मी ओरडले, चुकले," म्हणाले. त्या भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मला वाटलं, पोरगी आता त्यांच्यातली झाली. झाली आसंल, तर हाय तसं ऱ्हावं." मला बस म्हणाल्या नाहीत. मी दारातूनच घरी आले. माफी मागितली की मिळते असं नाही. तेही कळलं.

दसऱ्यानंतर हातात मेमो आला. वरिष्ठांशी उद्धट वर्तन, नेमून दिलेली जागा सोडली. तीन दिवसांत लेखी माफी द्या, नाहीतर कारवाई.

आई म्हणाली, "दे लिहून. दोन ओळींनी काय होतंय?" तिनं जन्मभर दोन ओळी दिल्या. मीही देत आले, तोंडी, थँक्यू मॅडम म्हणत.

मी उत्तर लिहिलं. हळद बसलेला सेट मी थांबवला. पुन्हा दिसला तर पुन्हा थांबवीन. सोमवारपासून बाजू दर आठवड्याला बदलेल, कारण माझं शिक्षण दोन्ही बाजूंचं आहे. खंडेनवमीला मला पूजेपासून दूर का ठेवलं, ते मला लेखी हवं आहे. माफी मागणार नाही.

आज तो कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही मागितली. त्या म्हणाल्या, "एवढं डोक्यावर चढवलं म्हणून हे." सही केली नाही. मी खुर्ची ओढून समोर बसले. त्या खोलीत मी पहिल्यांदाच बसले. सही होईपर्यंत उठले नाही.

मला काढतील. काढू देत. पण कारण कागदावर लिहावं लागेल, आणि तो कागद मी कुठं कुठं दाखवीन, याचा विचार त्यांनी आत्ताच करून ठेवावा.