आबांचं उघडं डोकं

आमच्या गावात आबांच्या वयाचा एकही माणूस उघड्या डोक्यानं पारावर बसत नाही. टोपी नाहीतर पटका असतोच. फक्त माझे आजोबा, रेवणप्पा, शेवटची सात वर्षं बोडके हिंडले. वेड लागलं म्हणून नाही, सूड म्हणून. आता लोक 'फार सोशिक माणूस' म्हणतात तेव्हा माझं माथं भडकतं. कसले सोशिक! त्यांनी कृष्णराजला सात वर्षं घास गोड लागू दिला नाही.

माझे वडील गौरीशंकर जवळच्या तेर गावात किराणा दुकान चालवायचे. एका संध्याकाळी मोटरसायकलवर गावाकडं येताना ते उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळले आणि जागीच गेले. ट्रॉली आमच्याच गावच्या कृष्णराजची. अंधारात भर रस्त्यात उभी, मागं दिवा नाही, रेडियमची पट्टीसुद्धा नाही. आणि या बागायतदारानं पंचनाम्याला आलेल्यांना छातीठोकपणे सांगितलं, "गडी पिऊन होता." माझ्या वडिलांना सुपारीचंही व्यसन नव्हतं! पण ते वाक्य गावभर झालं. शाळेत पोरी मला विचारायच्या, तुझे पप्पा प्यायचे का गं?

आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की घरचा कर्ता डोकं उघडं ठेवतो. दिवस झाले की भावकी आणि गावकरी त्याला टॉवेल-टोपी करतात आणि दुखवटा सुटतो. त्या दिवशी कृष्णराजच सगळ्यांच्या पुढं टोपी घेऊन आला. आबांनी त्याचा हात वरच्या वर धरला.

"आधी गावासमोर बोल, माझा गौरी पिलेला नव्हता म्हून. मग घालीन. तंवर कुनाचीच टोपी नगं मला."

कृष्णराज हसला. "आप्पा, झालं गेलं. ह्या वयात कशाला हट्ट?"

ते हसणं त्याला महागात पडलं.

पुढं माझ्या आईनं, शिवकांतानं, दुकान सांभाळलं आणि आबांनी मला. ते माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायचे की माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या. रोज सकाळी मला एसटीपर्यंत सोडायला यायचे. थांबा आमच्या घरापासून सरळ होता, पण आबा मुद्दाम वळसा घालून कृष्णराजच्या दारावरून न्यायचे. तो ओसरीवर चहा पीत असला की हळू चालायचे. "मान वर कर, पोरी," म्हणायचे. कृष्णराज बशी ठेवून आत जायचा. पुढं पुढं तो ओसरीवर बसायचाच बंद झाला.

मग त्याच्या मुलीचं लग्न निघालं. साऱ्या गावाला चूलबंद आवतण, म्हणजे आम्हालाही. आबा धुतलेलं धोतर नेसले आणि उघड्या डोक्यानं मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले. वरपक्षाचे पाहुणे विचारू लागले, "ह्यांच्यात कोन गेलंय?" ज्याला विचारलं त्याला सांगणं भागच पडलं. पंगत बसेपर्यंत दिवा नसलेली ट्रॉली सगळ्या पाहुण्यांना ठाऊक झाली होती. आबा तिथं पाणीसुद्धा प्याले नाहीत. घरी येऊन आईला म्हणाले, "भाकरी टाक, शिवकांता. आज लई भूक लागलीय."

यंदा उन्हाळ्यात आबा गेले. शेतात वडिलांच्या समाधीशेजारी खड्डा खणला. आमच्यात माणसाला बसवून माती देतात. सारा गाव जमला होता. विधी करणाऱ्या शंभुलिंग अय्यांनी आबांच्या कपाळाला भस्म लावलं आणि ते थांबले.

"उघड्या डोक्यानं बसवायचं न्हाय. टोपी घाला."

कुणी हललं नाही. सगळ्यांना आबांचा शब्द माहीत होता. एकेक मान मागं वळली. मागं कृष्णराज आपली टोपी हातात धरून उभा होता. त्यानं खिशातून दुसरी, कोरी टोपी काढली आणि पुढं आला. तयारीनंच आला होता. मेलेला माणूस हात धरत नाही, असं वाटलं असेल त्याला.

मी धरला.

"आधी बोला, काका."

"पोरी, ही काय येळ हाय का?"

"हीच येळ हाय."

शंभुलिंग अय्या भस्माची वाटी बाजूला ठेवून बांधावर टेकले. "माजी कायबी घाई न्हाय," म्हणाले.

कृष्णराजनं चहूकडं बघितलं. कुणीच त्याच्या मदतीला आलं नाही. तो काहीतरी पुटपुटला.

"मागं ऐकू गेलं न्हाय," मी म्हणाले.

"गौरीशंकर पिलेला नव्हता!" तो ओरडलाच. "माज्या ट्रॉलीला दिवा नव्हता. म्या खोटं बोललो."

आईनं हंबरडा फोडला. वडील गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. कृष्णराजनं टोपी पुढं केली. मी ती घेतली नाही. वडिलांनी आबांसाठी आणलेली शेवटची टोपी आईनं ट्रंकेत जपली होती आणि आज सोबत आणली होती. तीच मी आबांच्या डोक्यावर नीट बसवली.

कृष्णराज निघाला आणि आपली टोपी डोक्याला लावू लागला.

"राहू द्या हातात," मी म्हणाले. "सात वर्षं न्हाय, निदान वेशीपर्यंत तरी."

तो थांबला. टोपी त्यानं मुठीत चुरगळली आणि तसाच चालू लागला. आबांना माती द्यायला लोक मला हाका मारत होते. पण त्याचं टक्कल वेशीआड होईपर्यंत मी जागची हलले नाही.