कोपऱ्याच्या खांबाची मेख

जालन्याला कशाला गेलो होतो, हे सांगताना जरा ओशाळायलाच होतं. लोक राजूरच्या गणपतीला जातात, मी लाकडी मेखा बघायला गेलो होतो. आणि आधीच सांगून ठेवतो, हा लेख वाचून कुणाला प्रसन्न वगैरे वाटणार नाही. मी तो तीनदा लिहून तीनदा पुसला आहे.

मी नाशिकला बँकेत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुतारकामाचे प्रयोग करतो. एकही खिळा न वापरता केलेल्या एका स्टुलावर मी मागे याच ब्लॉगवर भलंमोठं लिहिलं होतं. स्टूल आजही डुगडुगतं, पण ते लेखात नव्हतं. तो लेख वाचून भोकरदन तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांचा निरोप आला. त्यांना इथे नुसतं गुरुजी म्हणतो. त्यांच्या गावची जुनी शाळा पाडायची ठरली होती. तिची ओसरी संपूर्ण लाकडी, आठ खांब, वर तुळया आणि सगळं मेखांवर उभं. गुरुजींनी ते लाकूड लिलावात घेतलं होतं. ओसरी मोडायची नाही, सोडवायची, आणि बुद्धविहाराशेजारी जशीच्या तशी उभी करून मुलांसाठी अभ्यासिका करायची, असा त्यांचा बेत होता. "हे काम जाणणारे एकच मिस्त्री उरलेत," त्यांनी लिहिलं होतं. "तुम्ही येऊन नोंद करून ठेवाल का?"

मी लगेच तीन दिवसांची रजा टाकली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुळईचं टोक तासून खांबाच्या खाचेत बसवतात आणि दोन्हींतून आरपार भोक पाडून त्यात लाकडाची मेख ठोकतात. मेख अंगठ्याएवढी जाड, वीतभराहून लांब, एका टोकाला निमुळती. तिच्या जोरावर छप्पर शंभर वर्षं उभं राहतं.

जायचं असेल तर नाशिकहून नांदेडकडे जाणारी सकाळची गाडी धरावी, दुपारी जालना येतं. स्टेशनवरून बसस्टँडला रिक्षा, तिथून राजूरला एसटी, तासाभराचा रस्ता. जानेवारी होता, पण आभाळ भरून आलेलं होतं आणि ऊन नावालाही नव्हतं. सळयांनी लादलेले ट्रक एकामागून एक पुढे जात होते, मागे लोंबणाऱ्या टोकांना लाल फडकी बांधलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या काळ्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. राजूरला चतुर्थीला जाल तर गर्दीत चेंगराल, एरवी देवळासमोर गरम भजी आणि गोड चहा निवांत मिळतो. तिथून हसनाबादकडे शेअर रिक्षा जातात. वीस-तीस रुपये पडतात आणि भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही.

"कुणाकडं चाल्ले?" रिक्षावाल्याने विचारलं. मी जुन्या शाळेचं लाकूड बघायला आलोय म्हणालो.

"जळणाला घ्यायलेत का?"

"नाही, नुसतं बघायला."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "बघा मंग," तो म्हणाला.

गुरुजी फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. सामान घरी न टाकता त्यांनी मला सरळ शाळेकडे नेलं. वरचं मातीचं धाबं आधीच काढून टाकलं होतं. वर काहीच नसलेल्या त्या ओसरीला मी एक फेरी मारली. खांबांवर निळ्या ऑइलपेंटचे इतके थर होते की लाकूड कुठे दिसतच नव्हतं.

गुरुजी पायरीवर बसले. "माझे वडील या पायरीवर बसून शिकले," ते म्हणाले. "वर ओसरीत बसू देत नव्हते. फळा दिसायचा न्हाई, नुसतं ऐकायचं. मला ही ओसरी पाहिजे ती त्याच्यासाठी. आमची पोरं हिच्याखाली बसून अभ्यास करतील, बास."

मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, की गावात लोक हसतात. जेसीबीने अर्ध्या दिवसात काम झालं असतं, हे एवढं कौतुक कशाला, असं म्हणतात.

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि ठेचा होता. नाशिकच्या कुठल्याही हॉटेलात असं जेवण मिळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरू मिस्त्री आले. वय पंच्याहत्तरच्या पुढे, धोतर, डोक्याला मफलर, हातात गोणपाटाची पिशवी. ही ओसरी त्यांच्या आज्याने उभी केलेली. पिशवीतून त्यांनी एक पटाशी, एक लाकडी ठोकणा आणि बाभळीचा एक गोल ठोकळा काढला. पहिल्या खांबापाशी जाऊन पटाशीने आतल्या बाजूचा रंग खरवडला, मग बाहेरच्या बाजूचा. दोन्हीकडे मेखेचं गोल टोक दिसलं. मिस्त्रींनी दोन्हींवर अंगठा फिरवला.

"हे जाड, हे बारीक," ते म्हणाले. "मेख आतून ठोकायची अन् बाहेरून काढायची. बारीक टोकावर मारायचं. जाडावर मारलं का ती आणखी रुतती."

त्यांनी ठोकळा बारीक टोकावर धरला आणि हलकेच तीन ठोके मारले. चौथ्याला मेख आतल्या बाजूने बोटभर बाहेर आली. हातात घेतली तर ती मधोमध वाकलेली होती. का, ते मी विचारलं.

"खांबाचं अन् तुळईचं भोक बराबर समोरासमोर पाडत न्हाईत. सुताभराचा फरक ठेवायचा. मंग मेख वाकून जाती, अन् तुळई खांबाला वढून धरती." ते जरा हसले. "जल्दी करू नका, पाव्हणं. लिहून घ्या निवांत."

दुपारपर्यंत तीन मेखा निघाल्या. मी प्रत्येकीचं मोबाइलवर चित्रण केलं, खांबांवर खडूने आकडे टाकले. गुरुजी एवढे खूश होते की येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वाकडी मेख दाखवत होते. या प्रवासातला तेवढाच एक आनंदाचा वेळ, म्हणून नीट लिहून ठेवतो.

जेवायच्या वेळेला मिस्त्री हत्यारं तिथेच ठेवून घरी गेले. जाताना म्हणाले, "मी आल्याशिवाय हात लावू नका." गुरुजीही चहा-दूध बघायला गेले. मी एकटा राहिलो.

आता काय सांगू. मला माझा स्वतःचा हात दिसेल असं एक चित्रण हवं होतं, या ब्लॉगसाठी, तुमच्यासाठी. मेख बाहेरून काढायची हे मी सकाळी तीनदा पाहिलं होतं. मोबाइल पायरीवर टेकवला आणि कोपऱ्याच्या खांबापाशी गेलो. त्या एका खांबात दोन्ही बाजूंच्या तुळया येतात. बाहेरचा रंग थोडा खरवडला, टोक दिसलं. आतलं टोक पाहिलंच नाही. ठोकळा धरून मारलं. मेख हलली नाही. जोरात मारलं. अजून जोरात मारलं. खांबाच्या माथ्याशी एक आवाज आला आणि हातभर लांब चीर खाली उतरली. आत बोट गेलं असतं एवढी.

मी ठोकणा हातात धरून तसाच उभा होतो, तेवढ्यात मिस्त्री आले. त्यांनी चिरेवर हात फिरवला, मग आत जाऊन दुसऱ्या बाजूचा रंग खरवडला. तिथे बारीक टोक होतं.

"ही माझ्या बापानं बदलल्याली," ते हळू म्हणाले. "तवा आत भिंत लागल्याली व्हती, म्हणून बाहेरून ठोकली."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. तोवर गुरुजी चहाची किटली घेऊन आलेच, मागे गावातली दोन माणसं. मिस्त्रींनी माझ्या हातातला ठोकणा काढून घेतला.

"हात चुकला माझा, गुर्जी," ते म्हणाले. "डोळ्याला बराबर दिसलं न्हाई."

गुरुजी चिरेकडे बघत राहिले. मागच्यांपैकी एकजण म्हणाला, "तरी म्हणलं व्हतं, जेसीबी लावा. म्हाताऱ्याच्यानं आता हे व्हतंय का?" मिस्त्री मान खाली घालून उभे होते. मी बोललो नाही.

लोखंडी पट्टी मारून खांब आवळता येईल, असं मी नंतर सुचवलं. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली. "खांब उभा राहीन. पर खाली पोरं बसणार हायेत." एवढ्या घेराचं मुरलेलं सागवान आता मिळत नाही, आणि कोपऱ्याच्या खांबावाचून बाकीची ओसरी उभी करता येत नाही. गुरुजींनी जन्मभर मुलं सांभाळली होती, त्यांनी फार विचार केला नाही. "राहू द्या," म्हणाले. "सिमेंटमधी बांधू." आवाज अगदी साधा होता, पण किटली तशीच हातात होती आणि चहा कुणालाच दिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी निघण्याआधी मी मिस्त्रींच्या घरी गेलो. असं का केलंत, म्हणून विचारलं.

"तुम्ही गुर्जींचे पाव्हणे," ते म्हणाले. "लोक त्यांला आधीच हसून राह्यलेत. त्यांच्याच पाव्हण्यानं मोडलं म्हणल्यावर त्यांनी गावात तोंड कसं दाखवायचं? माझं काय, मी म्हातारा माणूस."

परतीच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. राजूरला बस लगेच मिळाली.

दोन महिन्यांनी गुरुजींचा फोन आला. अभ्यासिकेचा स्लॅब भरून झाला होता, उद्घाटनाला या म्हणाले. मी मिस्त्रींची चौकशी केली. "वय झालं त्यांचं," गुरुजी म्हणाले. "शेजारच्या गावच्या देवळाचा दरवाजा त्यांच्याकडं येणार होता, तो दुसऱ्याला दिला. आता लग्नाचा पाटसुद्धा कुणी सांगत न्हाई. हातातलं गेलं म्हणतेत."

मी गुरुजींकडून मिस्त्रींच्या शेजाऱ्याचा नंबर घेतला आणि मिस्त्रींना फोनवर बोलावून घेतलं. आता मी खरं सांगून टाकतो, म्हणालो.

"नका सांगू," ते म्हणाले. "चुकला म्हणून हसतेत, ते चालतंय. पर मी गुर्जींच्या तोंडावर खोटं बोललो, हे त्यांला कळलं तर?"

मी बरं म्हणालो. तेव्हा खरंच बरं म्हणालो होतो. पण त्यानंतर शेडमध्ये गेलो की पटाशी हातात धरवत नाही. ज्या माणसाने अंगठ्याने जाड-बारीक ओळखलं, त्याच्या हातातलं गेलं असं सगळा तालुका म्हणतो, आणि ते खोटं आहे हे फक्त मला आणि त्यांना माहीत आहे. गावाचं नाव मी लिहिलेलं नाही, मिस्त्रींचं बदललं आहे. तरीही एक माणूस हे वाचून सगळं ओळखणार, हे मला माहीत आहे.

गुरुजी, तुम्ही हा ब्लॉग वाचता. मिस्त्री खोटं बोलले ते तुमच्यासाठी, म्हणून ते गावात सांगायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा. मी त्यांना दिलेला शब्द मोडतो आहे, त्याची माफी त्यांच्याकडे स्वतः येऊन मागेन. मेख मी मारली. मिस्त्री तेव्हा घरी जेवत होते.