जर्सीवरचं नाव

मुलीचं नाव छापलेली जर्सी मी पहिल्यांदा पाहिली ती मोबाईलवर, सकाळी चहा उकळत असताना. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघाकडून मेल आला होता. गडद निळी जर्सी, पाठीवर आमचं आडनाव, त्याखाली तिचा नंबर, आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, 'ही तुझी वाट पाहते आहे.' चहा उतू गेला. कुवेतमधल्या रिग्गईच्या त्या दोन खोल्यांच्या घरात मी नवऱ्याला हाक मारली, "अहो, उठा! हिला घेतलं!"

कोणी कोणाला घेतलं नव्हतं. हे कळायला मला सात महिने लागले आणि त्या सात महिन्यांचा राग अजून डोक्यातून जात नाही. थोडा त्या कॉलेजांवर आहे, बराचसा स्वतःवर.

मुलगी तेव्हा बारावीत होती. जन्म कुवेतचाच. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. शाळेच्या संघात ती पॉइंट गार्ड होती, म्हणजे चेंडू घेऊन पुढे जाणारी आणि कोणी कुठे पळायचं ते ठरवणारी. तिला एकच गोष्ट हवी होती, कॉलेजात खेळायचं. त्यासाठी तिने अकरावीच्या सुट्टीत अमेरिकेतल्या कितीतरी कॉलेजांचे ऑनलाइन फॉर्म भरले. शिवाय स्वतःच्या खेळाचा चार मिनिटांचा व्हिडिओ करून डझनभर कोचना पाठवला. संपर्काला माझा मेल आणि माझा नंबर दिला, कारण बारावी म्हणून तिचा फोन मी काढून घेणार होते. "तू अभ्यास कर, निरोप मी बघते," असं मी तिला म्हटलं होतं. शब्दच दिला होता.

आणि मी बघत होते! एका कॉलेजची आठ कॉलेजं झाली. कोणी स्कोअरबोर्डवर तिचं नाव झळकवलं, कोणी कपाटावर तिच्या नावाची पाटी लावली, वाढदिवसाला तर तीन कोचचे व्हिडिओ आले. प्रत्येक मेलला मी उत्तर लिहायचे. 'आदरणीय महोदय' अशी सुरुवात, मग घरातल्या सर्वांची माहिती, दहावीची गुणपत्रिका, जन्माचा दाखला आणि रक्तगट. रक्तगट कोणी मागितला नव्हता, पण मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे, मला तो महत्त्वाचा वाटला. उलट उत्तर दोन मिनिटांत यायचं. 'धन्यवाद! आमच्या उन्हाळी शिबिरासाठी नाव नोंदवलंत का?' मला वाटायचं, किती तत्पर माणसं आहेत.

सांगलीत माझ्या दिराने त्या निळ्या कॉलेजला इन्स्टाग्रामवर फॉलो करायला सुरुवात केली. महिनाभरात त्याला तिथल्या कोणत्या खेळाडूचा घोटा दुखावलाय तेही ठाऊक असायचं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा फोटो निळा झाला. सासूबाई फोनवर विचारायच्या, "काल आपण जिंकलो का गं?" आणि आम्हालाही मेल यायचे की शनिवारी मैदान निळं करायला या, पहिल्या शंभर जणांना टॉवेल फुकट. कुवेतहून शनिवारच्या सामन्याला कसं जायचं, हे मात्र त्यात नसायचं. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मला त्याचंही कौतुक वाटलं, की आम्हाला घरचंच समजतात.

मी अडाणी नाही. पण वीस वर्षं ज्या कामात हात मुरलाय, त्याच कामाचं डोकं सगळीकडे चालतं. रक्तपेढीत नळीवर नाव म्हणजे सर्वस्व. नाव आणि नंबर बरोबर असला की नमुना खरा. नाव नसलं तर मोठा डॉक्टर येऊन उभा राहिला तरी मी तो परत पाठवते, आणि त्याचा मला अभिमान आहे. जर्सीवर नाव होतं, नंबर होता. मी दुसरं काही तपासलंच नाही.

जानेवारीत एका सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी परदेशी नंबरवरून मेसेज आला. नाव नाही, चित्र नाही, कॉलेजचं चिन्ह नाही. इंग्रजीत चारच वाक्यं, 'व्हिडिओ पाहिला. तुला मैदान दिसतं. एक जागा आहे. गुरुवारी बोलता येईल का?' इथे रोज असले मेसेज येतात. तुमचं पार्सल अडकलंय, तुमची सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, अपडेट करा, इथे दाबा. आमच्या हॉस्पिटलच्या सूचना फलकावर तर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, अनोळखी नंबरला उत्तर देऊ नका. मी तो नंबर ब्लॉक केला आणि ड्यूटीला गेले.

मुलगी दर शुक्रवारी विचारायची, "आई, एनीथिंग?" मी म्हणायचे, "किती आलंय, विचारू नकोस. तू आधी फिजिक्स संपव." तिच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ना, ते आठवलं की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

एप्रिलमध्ये परीक्षा संपली. त्याच दुपारी तिने माझा फोन हातात घेतला आणि सोफ्यावर मांडी घालून सगळे मेल वाचले. वीस मिनिटांत दीडशे मेल. मी समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तिने फोन खाली ठेवला.

"आई, हे सगळ्यांना जातात."

"असं कसं? तुझं नाव आहे."

"नाव कॉम्प्युटर टाकतो. फॉर्म भरलेल्या प्रत्येकीला." तिने संघातल्या एका मैत्रिणीच्या इन्स्टाग्रामवर जाऊन दाखवलं. तीच निळी जर्सी, तेच वाक्य, पाठीवर मैत्रिणीचं आडनाव. त्या मुलीने गंमत म्हणून फॉर्म भरला होता. वर्षभरात ती एकाही सामन्यात उतरली नव्हती.

मी भांडले. खरंच सांगते, मी मुलीशीच भांडले. एवढी मोठी कॉलेजं खोटं कशाला बोलतील, तुला आईवर विश्वास नाही, असलं बरंच काही बोलले. तिने शांतपणे विचारलं, "मेसेज कोणाचे आले? मेल नाही, मेसेज."

"कोणाचेच नाही. एक फसवणुकीचा होता, ब्लॉक केला."

तिने तो शोधून काढला. चार वाक्यं वाचली, मग पुन्हा वाचली. व्हिडिओ पाठवताना तिने सगळ्या कोचचे नंबर वहीत लिहून ठेवले होते, हा तिने पाठ असल्यासारखा ओळखला. एका लहान कॉलेजची कोच होती ती. त्यांच्याकडे जर्सीवर नावं छापून पाठवायला कोणी माणूसच नव्हता. कोच स्वतः व्हिडिओ बघायची आणि स्वतःच्या फोनवरून लिहायची. बारा जणांना व्हिडिओ पाठवला होता, त्यातल्या एकीनेच तो पाहिला होता.

संध्याकाळी तिथे सकाळ झाल्यावर मुलीने कोचला फोन लावला. स्पीकर चालू होता, कारण मीच हट्ट धरला. मला कोचशी बोलायचं होतं, समजावून सांगायचं होतं, कागद पाठवायचे होते. कोचचा आवाज चांगला होता, थोडा थकलेला. तिने सांगितलं की दोन आठवडे वाट पाहिली, उत्तर नाही म्हणजे इच्छा नसेल असं वाटलं, मग दुसऱ्या मुलीला जागा दिली. "व्हॉट हॅपन्ड?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. मुलीने माझ्याकडे न बघता हात वर करून मला थांबवलं.

"सॉरी, कोच," ती म्हणाली. "मेसेज माझ्या नजरेतून सुटला. माय मिस्टेक."

मग तिने कोचला नव्या मुलीसाठी शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.