कपिलधारला दिसलेला उजेड

मला देव दिसला, असं वडवणीत आमच्या गल्लीत अजून सांगतात. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आठवा महिना होता. पाय इतके सुजले की चप्पल चढेना, डोकं ठणकायचं. सासूबाई म्हणायच्या, "सूज कशाची? अंग भरलंय. पोरगा हाय बघ." दवाखान्याचं नाव काढलं की नाक मुरडायच्या. नवसाची ओटी भरायला मला कपिलधारच्या देवस्थानाला नेलं. तिथं पायऱ्यांवर डोळ्यांपुढे ठिणग्या उडाल्या, सगळं पांढरं झालं. मी घाबरून ओरडले, "आत्या, उजेड दिसायलाय मला!" आणि सासूबाईंनी हात जोडले! "दर्शन झालं गं माझ्या सुनंला!" बायका जमल्या, पाया पडू लागल्या. नवरा नारळ आणायला पळाला. देवा, तूही यांनाच सामील का, असं मी मनात विचारलं.

तेवढ्यात एक म्हातारी धनगरीण पुढे आली. तीही पाया पडतेय असं वाटलं, पण तिनं माझ्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना.

"हिला हितं कावून आणलं?" ती सासूबाईंवर कडाडली. "माजी लेक बी असंच चमकतंय म्हणत गेली. आदी दवाखाना गाठा!" तिनंच आरडाओरडा करून जीप थांबवली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

बीडला डॉक्टरीणबाईंनी आधी इंजेक्शनं दिली, मग समजावलं. रक्तवाहिन्यांना आतून नाजूक अस्तर असतं. गरोदरपणात कधी वारेतून रक्तात असं काही उतरतं की ते अस्तर दुखावतं. मग वाहिन्या आवळतात, दाब चढतो, पाणी पाझरून अंग सुजतं. ठिणग्या दिसणं म्हणजे झटके येण्याची खूण. माझ्या अंगात आतून पोपडे सुटत होते आणि ही माणसं नारळ फोडत होती! लेक लवकर काढावी लागली. मूठभर होती, पण जगली.

देवावरचा राग मात्र विरला. माझ्या हाकेला त्यानं त्या म्हातारीला धाडलं, असं मी मानते. त्याच्यावर भार टाकायचा तो हातपाय हलवून, एवढं मला कळलं.

परवा लेकीचं जावळ काढायला तिथंच गेलो. एका बाईनं मला ओळखलं. "दर्शन झालेली तुमीच ना? माज्या सुनंला आशीर्वाद द्या." पोटुशी पोर वाकू लागली. मी तिला पायरीवर बसवलं, देवाचं नाव घेतलं आणि तिच्या पायावर अंगठा दाबला.

खळगा पडला. "जीप बघा!" मी नवऱ्यावर ओरडले.