तुळशीरामची फटींची खोली

तुळशीराम संत्र्याच्या पेट्या ठोकायचा. पांढुर्ण्यात हंगाम सुरू झाला की पहाटेपासून त्याची हातोडी ऐकू यायची. दिवसाला साठ पेट्या, आणि एकही खिळा वाकडा नाही. तीस वर्षे त्याने दुसरे काही केले नाही. मी त्याची शेजारीण, शाळेतून निवृत्त झालेली, म्हणून सारी गल्ली मला बाई म्हणते.

त्याच्या जिवाला एकच घोर होता. मुलगी पुष्पा अमरावतीला दिलेली. सहा वर्षांत ती माहेरी एक रात्र राहिली नव्हती. घर दीड खोलीचे. जावई अनिल तिला सकाळी घेऊन यायचा, जेवायचा आणि संध्याकाळच्या गाडीने तिगावला आपल्या काकांकडे मुक्कामाला न्यायचा. माणूस वाईट नव्हता, नुसता संकोची. तुळशीरामची बायको केसरबाई दर वेळी दारात उभी राहून डोळे पुसायची. मला असले रडे बघवत नाही. मी सरळ म्हटले, "परसात एवढी जागा पडली आहे. खोली बांध."

बांधली. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, पेट्यांच्या उरलेल्या फळ्यांची, वर कवेलूंचे छप्पर. बघायला गेले, तर दर दोन फळ्यांमध्ये बोटभर फट.

"तुळशीराम, ह्या फटी कशाला?"

"हवा लागते ना बाई. नाही तं माल सडते."

"माल? जावई येणार आहे तुझा, संत्री नाहीत."

तो खोलीकडे बघतच राहिला. हाताला सवय तसे ठोकत गेला होता, त्याच्या ध्यानातही आले नव्हते.

"चार दिवसापासून सांगून राहिली," केसरबाई म्हणाली, "आतलं सारं बाहेर दिसते. तं मलेच म्हणे, तुले ठोकण्यातलं काय समजते."

फळ्या संपलेल्या, आणि पुष्पा दुसऱ्याच दिवशी येणार. केसरबाईने घरातली सगळी पोती उसवून आतून टांगली. धूळ उडायला लागली म्हणून त्यांच्यावर बादल्यांनी पाणी मारले.

अनिल आला. खोली बघून हातपाय धुतले आणि पाटावर बसला. मलाही जेवायला बोलावले होते. जेवताना सासऱ्याला म्हणाला, "मामाजी, साडेपाचची गाडी हाये आमची."

तुळशीरामचा घास हातातच राहिला. केसरबाई म्हणाली, "तोवर आंग टाका जवाई, परसातल्या खोलीत."

बाहेर अंगणात उन्हाने पाय ठेववत नव्हता. आत फटींतून येणारा वारा ओल्या पोत्यांवरून गार होऊन येत होता. अनिल असा झोपला की पाच वाजले तरी हालचाल नाही. पुष्पा उठवायला निघाली, तर बाप दारात आडवा.

"काहून उठवतं त्याईले?"

"बाबा, गाडी जाईन ना."

"जाऊ दे."

साडेसहाला अनिल डोळे चोळत बाहेर आला. "गाडी?"

"गेली," मी म्हटले. कुणीतरी सांगायलाच हवे होते.

तो मागे खोलीकडे बघून म्हणाला, "मामाजी, त्या पोत्याईवर अजून थोडं पाणी मारता काय?"

तुळशीराम बादली घेऊन धावलाच.

अंथरुणे घालायची वेळ आली तेव्हा पुष्पाने आपली उशी उचलली आणि स्वयंपाकघरात आईशेजारी नेऊन ठेवली.

"अवो, मंग खोली कोणासाठी बांधली मी?" तुळशीराम म्हणाला.

"त्याईच्यासाठी. झोपू द्या त्याईले निवांत," पुष्पा म्हणाली.

सकाळी तुळशीराम माझ्या फाटकाशी हजर. "बाई, जवाई अजून झोपूनच हायेत. न् मायलेकी कवापासून बोलूनच राहिल्या. चहा मीच केला."

"आजची गाडी कितीची?"

"इचारलंच नाही मी," तो म्हणाला आणि दूध आणायला गेला.