पोस्टमन आला की सगळे गप्प

आयर्लंडमधल्या स्लायगोच्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये कुणीही भेटलं की कशी आहेस विचारायच्या आधी विचारतं, "काय गं, शनिवारचा नवीन किस्सा?" आणि माझ्याकडे तो असतोच! बाकीच्यांकडे किस्से जमतात ते काहीतरी करताना. माझ्या शनिवारच्या मंडळींकडे जमतात ते नुसतं थांबून. वर्षानुवर्षं उत्तराची वाट बघत बसलं की साध्या दाराच्या बेलचाही किस्सा होतो.

म्हणजे झालं असं, की माझ्या नवऱ्याला, सचिनला, इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञाची नोकरी लागली आणि आम्ही नाशिकहून इकडे आलो. मला घरात करमेना. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मॉरीनबाई म्हणून एक रिटायर्ड शिक्षिका दर शनिवारी इंग्रजी बोलायचा क्लास घेतात. तिथे चहा करायला म्हणून गेले आणि तिथलीच झाले. क्लासला येणारे सगळे आपापल्या देशातून जीव मुठीत धरून आलेले. सरकारने त्यांना गावाबाहेरच्या एका जुन्या हॉटेलात ठेवलंय. आश्रय द्या, इथे कायमचं राहू द्या, असा प्रत्येकाचा अर्ज. उत्तर कधी येईल, ते कुणालाच माहीत नाही.

तर ऐका.

*

हॉटेलात पोस्टमनची हिरवी व्हॅन वळली की आवाजावरून सगळ्यांना कळतं. टीव्ही बंद. बोलणं बंद. कुणी बाथरूममध्ये जाऊन कडी लावतं. झिम्बाब्वेची रुडो, माझी तिथली सगळ्यात जवळची मैत्रीण, ती तर जिन्यात बसून डोळे मिटून घ्यायची. "पत्र आलं नाही तर अजून थांबायचं," ती म्हणायची, "आणि आलं, आणि त्यात 'नाही' असेल तर? त्यापेक्षा थांबलेलंच बरं!"

पोस्टमन, म्हणजे इथल्या बोलीत 'युअर मॅन', आपला तो बुवा, स्वभावाने मोठा गोड माणूस. त्याला हे सगळं बघवेना. शेवटी तो गेटातूनच दोन्ही हात वर करून ओरडायला लागला, "नथिंग टुडे, लॅड्स! यू आर ग्रँड!" ग्रँड म्हणजे इथे 'सगळं ठीक'.

आणि सगळं हॉटेल टाळ्या वाजवायचं!

मी रुडोला म्हटलं, "पोस्टमनने काही आणलं नाही म्हणून टाळ्या वाजवणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली."

ती म्हणाली, "टाळ्या तू ऐकल्यास. त्या संपल्यावर खोल्यांची दारं लागतात, त्याच्यानंतर काय होतं ते नाही ऐकलंस."

*

हमीद अफगाणिस्तानात गणिताचे मास्तर होते. त्यांची आश्रयाच्या अर्जाची मुलाखत व्हायची होती. या मुलाखतीला सगळे थरथरतात, कारण एखादी तारीख इकडची तिकडे झाली की विचारतात, "मागच्या वेळी तर तुम्ही वेगळं सांगितलं होतं?" त्यात हमीदमास्तरांच्या देशाचं कॅलेंडरच वेगळं! घर कधी सोडलं, हे सांगायचं तर मनातल्या मनात वर्ष, महिना, दिवस सगळं बदलून घ्यायचं. गणिताच्या माणसाला बेरीज-वजाबाकीची भीती बसली.

मॉरीनबाईंनी त्यांची तयारी करून घेतली. "ठाम आठवत नसेल तर ठाम बोलू नका. आधी म्हणा, 'माझ्या आठवणीप्रमाणे.'"

मास्तरांनी ते इतकं पाठ केलं की विचारू नका. मुलाखत पुढे ढकलली गेली. पुन्हा ढकलली गेली. मास्तरांची तयारी मात्र चालूच.

एका शनिवारी मी चहा घेऊन गेले. "मास्तर, दूध घालू का?"

त्यांनी कप खाली ठेवला. कपाळावर घाम! माझ्याकडे बघून सावकाश म्हणाले, "माझ्या आठवणीप्रमाणे... हो."

सगळा हॉल हसला. मास्तरही हसले. मग चहा तसाच ठेवून पुन्हा तारखा मांडायला बसले.

*

हॉटेलातली आणखी एक भीती म्हणजे बदली. कधीही बस येते आणि अमक्या-तमक्याला दुसऱ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, नेऊन सोडते. मुलांची शाळा, नोकरी, ओळखीचे चेहरे, सगळं इथेच राहतं. त्यामुळे एकदा भर दुपारी अलार्म वाजला तेव्हा कुणाच्याही मनात आग आलीच नाही. बस आली, असंच सगळ्यांना वाटलं.

ही हकिगत मॅनेजरनेच आम्हाला सांगितली. साधं फायर ड्रिल होतं. पाऊस पडत होता. सगळे पार्किंगमध्ये रांगेत. कुणाच्या पायात चप्पल नाही, कुणाच्या अंगात कोट नाही, एक बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून. आणि झाडून प्रत्येकाच्या छातीशी अर्जाच्या कागदांची प्लॅस्टिकची फाइल!

मॅनेजर नवीन होता. चिडला. "आग लागली तर सामान आतच ठेवून यायचं! किती वेळा सांगायचं?"

हमीदमास्तर पुढे झाले. अनवाणी, भिजलेले. अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, सामान आम्ही ठेवूनच आलोय. आमच्या देशात."

*

रुडो एका वृद्धाश्रमात काम करायची. एक रविवार सुट्टी मिळाली तर मी तिला जेवायला बोलावलं. तिच्या वकिलाचा फोन नेहमी प्रायव्हेट नंबरवरून यायचा, म्हणून प्रायव्हेट नंबर दिसला की तिला जेवण जायचं नाही. तिनेच उपाय काढला. घरात शिरल्याबरोबर फोन माझ्या स्वयंपाकघरात, पोह्यांच्या आणि रव्याच्या डब्यांच्या मधे ठेवला आणि कपाटाचं दार लावून टाकलं.

माझी लेक इरा इथल्या शाळेतली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर येतं ते स्लायगोच्या इंग्रजीत. ती ओरडली, "मॅम! व्हाय इज रुडोज फोन इन द प्रेस?" प्रेस म्हणजे इथे कपाट.

"त्याला जरा झोपू दे," रुडो म्हणाली.

पानं वाढली. वरण-भात कालवला आणि आतून घुर्र घुर्र सुरू! सचिन ऑन-कॉल होता, त्याचा फोन ओट्यावर. दोघंही ताडकन उठले. दोघंही धावले. मी भाताचं भांडं घेऊन तशीच उभी.

फोन सचिनचा होता. कुणाचं तरी तातडीचं ऑपरेशन.

"थँक गॉड!" रुडो जोरात म्हणाली. आणि लगेच तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! तिकडे कुणीतरी मरायला टेकलंय आणि मी देवाचे आभार मानले!"

ती पुन्हा जेवली नाही. सचिन निघून गेल्यावर खुर्चीवर बसून त्या अनोळखी पेशंटसाठी प्रार्थना करत राहिली. पुढच्या शनिवारी भेटल्या भेटल्या पहिला प्रश्न, "तो वाचला का?"

वाचला होता. मी सांगितलं तेव्हा तिने मला अशी मिठी मारली, की जणू तिचाच निकाल लागला!

*

हा किस्सा सांगताना मला अजूनही बरं वाटत नाही. एका शनिवारी क्लास चालू असताना हॉलबाहेर काही लोक जमले. हातात फलक. 'घरी जा' वगैरे. आधी दहाबारा, मग पुष्कळ. आरडाओरडा वाढला. आत आमची मंडळी भिंतीला चिकटून उभी. कुणीतरी दिवे बंद केले. मीही त्यांच्यातच उभी होते हो. बाहेरच्यांना कुठे माहीत होतं, की मी डॉक्टरची बायको आहे आणि व्हिसा घेऊन आलेय! आणि माहीत असतं तरी काय फरक पडला असता?

मॉरीनबाई उठल्या. कार्डिगनची बटणं लावली. फळ्यापाशी ठेवलेला मार्कर उचलला आणि दार उघडून थेट बाहेर! आम्ही खिडकीतून बघतोय. एका धिप्पाड माणसासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शेमस, फलक खाली कर."

त्याने केला! अहो, चौथीत त्यांच्याच वर्गात होता तो.

बाईंनी मार्करने फलकावरचं एक स्पेलिंग दुरुस्त केलं, टोपण लावलं आणि म्हणाल्या, "हं, आता धर."

बाहेर हशा पिकला. हळूहळू लोक पांगले. आत येऊन बाई म्हणाल्या, "चला, भूतकाळाची क्रियापदं." पण बोलता बोलता त्यांनी दाराला आतून कडी लावली. आणि हमीदमास्तर त्या दिवसापासून हॉटेलवर जायला मोठा रस्ता सोडून नदीकाठच्या चिखलातून जातात.

*

माझ्या सासूबाई जळगावहून आल्या होत्या. इंग्रजी शून्य. एका शनिवारी त्यांना हॉलवर घेऊन गेले, तर त्यांची जोडी जमली नातेलाशी. नातेला जॉर्जियाची, साठीची बाई, तिलाही इंग्रजी यथातथाच. ती तिच्या भाषेत बोलायची, ह्या खानदेशीत. दोघी तासन् तास! एकमेकींचे गुडघे दाबून दाखवायच्या आणि मान हलवायच्या.

नातेलाचा अर्ज एकदा फेटाळला गेला होता, आता अपील होतं. हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "वं माय! म्हंजे कोर्टकचेरीच. आमच्या शेताच्या बांधाचा दावा असाच चालला. मानसं मेली, पन निकाल नाही लागला." मग नातेलाचा हात हातात घेऊन मोठ्याने म्हणाल्या, मोठ्याने बोललं की मराठी कळतं असा त्यांचा समज, "भिऊ नको! कव्हा ना कव्हा लागतोच निकाल!"

नातेलाला काय कळलं कोण जाणे. तिने सासूबाईंच्या हाताचा मुका घेतला.

सासूबाई परत गेल्या. थंडी संपता संपता नातेलाचा निकाल लागला. नकार. त्यानंतर ती क्लासला आली नाही, हॉटेलातही दिसली नाही. फोन बंद. कुणी म्हणतं तिला पाठवून दिलं, कुणी म्हणतं ती स्वतःच निघून गेली.

नातेलाला 'नाती'च म्हणणाऱ्या सासूबाई दर रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारतात, "तुझ्या त्या नातीचा लागला का गं निकाल?"

सचिन माझ्याकडे बघतो. मी म्हणते, "अजून नाही, आई."

"बघ," त्या म्हणतात, "मी बोलली होती ना, उशीर म्हंजे नाही असं नसतं."

*

आता रुडोचं सांगते.

रुडोची मुलगी तारीरो. रुडो पळाली तेव्हा ती आजीकडे राहिली, फ्रॉक घालायच्या वयाची. रुडोला आश्रय मिळाला तरच ती मुलीला इथे बोलावू शकणार होती, आणि तेसुद्धा मुलगी अठराची व्हायच्या आत अर्ज गेला तर. म्हणजे ऑफिसात फाइल थांबलेली आणि तिकडे मुलगी वाढतेय! दर वाढदिवसाला आम्ही हॉलवर केक कापायचो आणि रुडो मेणबत्त्यांकडे बघून पांढरीफटक पडायची. सतराव्या वाढदिवसाला तर तिने केक आणूच दिला नाही.

आणि त्या वर्षी तिला आश्रय मिळाला. मुलीचा अर्ज मुदतीत गेला. पुन्हा थांबणं, पुन्हा पोस्टमन, पण अखेर तोही मंजूर झाला!

मी गाडी काढली. स्लायगो ते डब्लिन एअरपोर्ट, रुडो फोनवर मुलीचे फोटो बघत होती. एअरपोर्टजवळच्या स्वोर्ड्स गावाची पाटी दिसली तेव्हा म्हणाली, "तिने मला ओळखलं नाही तर?"

"अगं, रोज फोनवर बघता की एकमेकींना!"

"फोनवर चेहरा दिसतो. उंची नाही दिसत."

तारीरोने कळवलं होतं, लाल जाकीट घालून येईन. आम्ही कठड्यापाशी उभ्या. दार उघडतंय, बंद होतंय. माणसं येतायत, फुगे, फुलं, रडारड. रुडोने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं बधिर झाली.

दार उघडलं. उंच, सडपातळ पोरगी, केसांच्या बारीक वेण्या, लाल जाकीट. एकटीच.

रुडो कठड्याखालून वाकून पळाली. रडत, ओरडत जाऊन तिने त्या पोरीला मिठीत घेतलं. पोरगी आधी ताठ उभी राहिली. मग तिने बॅग खाली टाकली, रुडोच्या गळ्यात दोन्ही हात टाकले, खांद्यात तोंड खुपसलं आणि हुंदके देऊन रडायला लागली. आजूबाजूचे लोकही डोळे पुसत होते. मीसुद्धा.

इतक्यात मागून आवाज आला, "ममा?"

दारात ट्रॉली धरून दुसरी पोरगी उभी होती. लाल जाकीट. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, हुबेहूब रुडो.

रुडोने तिच्याकडे बघितलं. मग मिठीतल्या पोरीकडे बघितलं. ती काही सोडत नव्हती. आणि रुडोनेही तिला सोडलं नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवत तशीच उभी राहिली, दुसरा हात तारीरोकडे लांब करून.

शेवटी त्या पोरीनेच हात काढले. बाहीने तोंड पुसलं. "थँक यू," म्हणाली. तिला घ्यायला कुणी आलेलं नसावं; बॅग उचलली आणि बससाठी कुठे जायचं, असं मला विचारलं.

मी दार दाखवलं. ती गेली.